पॅकेज ६ लाख, मग हातात ३६ हजारच का?

सोलापुरात पोराला पुण्यात नोकरी लागली की पहिला प्रश्न ठरलेला, "काय बे, पॅकेज किती?" पोरगं म्हणतं ६ लाख, आणि समोरचा मनातल्या मनात १२ नी भागून मोकळा, महिन्याला ५० हजार! घोळ इथंच होतो. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीला तुम्ही वर्षाला केवढ्याला पडता तो आकडा, आणि इनहँड म्हणजे महिन्याला बँकेचा मेसेज येतो तो. घरच्यांसाठी पगार म्हणजे हातात पडतो तेवढाच, त्यामुळं त्यांना हे पटवायला लई वेळ जातो.

ऑफर लेटरचं पहिलं पान सोडा, शेवटी एक तक्ता जोडलेला असतो तो बघा. समजा ६ लाखांत बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मं, म्हणजे महिना २५ हजार. व्हेरिएबल १० टक्के असेल तर ६० हजार तिथंच बाजूला गेले, ते कंपनीचा धंदा आणि तुमचं रेटिंग बघून मिळणार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, वर्षाला ३६ हजार. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकच्या ४.८१ टक्के, १४,४३० रुपये (हा विचित्र आकडा कुठनं आला तर वर्षामागं १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून), आणि कायम नोकरीत ती मिळायला साधारण ५ वर्षं एकाच ठिकाणी काढावी लागतात, आयटीत कोण टिकतंय तेवढं. मेडिक्लेमचा हप्ता साडेनऊ हजार धरा. उरले जवळपास ४ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला ग्रॉस (कापाकापीच्या आधीचा पगार) ४० हजार. त्यातनं परत तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) कापला की हातात ३६,८००. इन्कम टॅक्सचं टेन्शन नाही, नव्या टॅक्स रिजीममध्ये एवढ्या पगारावर तो शून्य होतो.

आता दुसरी ऑफर ५ लाख ४० हजारांची, पण सगळं फिक्स, मेडिक्लेम कंपनी वेगळा भरते आणि पीएफ पूर्ण बेसिकवर नाही, तर १५ हजारांच्या मर्यादेवरच १२ टक्के कापते, म्हणजे दोन्हीकडनं १,८०० च. बेसिक इथंही निम्मं धरून ग्रॅच्युइटी वजा केली की हातात ४०,१०० च्या आसपास येतात. पॅकेज ६० हजारांनी कमी आणि महिन्याला ३,३०० जास्त! हां, पहिलीकडं पीएफमध्ये महिन्याला २,४०० जास्त जमा होतात, ते पैसे तुमचेच आहेत, वाया गेले असं म्हणू नका. पण पीजीवाल्या काकू पीएफचं पासबुक बघून भाडं सोडत नाहीत.

एमबीए करून सेल्स किंवा बिझनेस डेव्हलपमेंटला जाणाऱ्यांनी तर डोळ्यात तेल घालून बघावं, कारण तिथं पॅकेजचा मोठा तुकडा इन्सेंटिव्हचा असू शकतो, टार्गेट झालं तर आहे, नाहीतर नुसता कागदावर. सॉफ्टवेअरवाल्यांना फिक्स जास्त मिळतो, पण स्टार्टअप असेल तर ईसॉप पण सीटीसीत मोजतात, म्हणजे कंपनीचे शेअर, जे बऱ्याचदा ४ वर्षांत थोडे थोडे तुमच्या नावावर होतात आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही. जॉइनिंग बोनसचंही तसंच, लवकर सोडलं तर परत मागतात, ती अट आधी वाचा.

मग सीटीसी बिनकामाचा का, तर तसंही नाही. पुढच्या कंपनीतला एचआर करंट सीटीसीच विचारतो आणि हाइक त्याच्यावर मोजतो, त्यामुळं तिथं फिक्स किती आणि व्हेरिएबल किती हे वेगवेगळं सांगा, आणि ३० टक्के म्हणाला तर कशावर ३० टक्के ते तिथंच विचारून घ्या. सही करायच्या आधी एक मेल टाका: महिन्याचा फिक्स ग्रॉस किती, कापून हातात किती, व्हेरिएबल कधी मिळतं आणि गेल्या वर्षी लोकांना त्यातलं किती मिळालं. शेवटच्या प्रश्नाला एचआर गोल गोल बोलायला लागला तर व्हेरिएबल शून्य धरूनच हिशोब करा.