तात्पुरत्या आदेशावर टिकलेलं दुहेरी नागरिकत्व: बांगलादेशच्या नियमांची पार्श्वभूमी

लंडनहून सिल्हेटला उतरणाऱ्या विमानातल्या बऱ्याच ब्रिटिश पासपोर्टांत एक शिक्का असतो: ‘नो व्हिसा रिक्वायर्ड’. कागदोपत्री त्याला एनव्हीआर म्हणतात, घरांत नुसतं ‘नो व्हिसा’. मूळचे बांगलादेशी, त्यांचा नवरा किंवा बायको आणि मुलं यांना तो वकिलातीतून मिळतो आणि मग ढाक्याला किंवा सिल्हेटला यायला व्हिसा लागत नाही. हा शिक्का म्हणजेच दुहेरी नागरिकत्व, असा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. शिक्का फक्त येण्याजाण्याची सोय करतो. नागरिकत्व आहे की गेलं हे दुसरेच कागद ठरवतात. त्यातला एक १९५१ सालचा आणि एक १९७२ सालचा, आणि दोन्ही आजही लागू आहेत.

१९५१ चा कायदा मुळात पाकिस्तानचा. तेव्हा ढाका पूर्व बंगालची राजधानी होती. फाळणीला चार वर्षंही झाली नव्हती आणि माणसं दोन्ही बाजूंनी ये-जा करत होती. भारत आणि पूर्व बंगाल यांच्यामधली पासपोर्ट-व्हिसाची पद्धत सुरू झाली ती ऑक्टोबर १९५२ मध्ये, म्हणजे या कायद्यानंतर. कोण इकडचा आणि कोण तिकडचा हे ठरवणं हीच त्या काळची निकड होती. १ मार्च १९४७ नंतर जो भारतात निघून गेला तो आपला नाही, असं कलम ७ मध्ये सरळ लिहिलंय. त्याच विचारातून कलम १४ आलं: एकाच वेळी दुसऱ्या देशाचा नागरिक असलेला माणूस, दुसरं नागरिकत्व सोडल्याचं जाहीर केल्याशिवाय, इथला नागरिक राहत नाही. पुढे त्यात वयाची सूट आली. २१ वर्षं पूर्ण होईपर्यंत ही बंदी लागू होत नाही. कायद्याच्या पुस्तकात ही ओळ कुणाच्या नजरेत भरत नाही. सत्तर वर्षांनी मात्र याच ओळीवर लंडनच्या न्यायालयांत एका मुलीचं भवितव्य अडलं.

बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर जुने कायदे टाकून दिले गेले नाहीत. १९७३ च्या कायद्याने ‘पाकिस्तान’च्या जागी ‘बांगलादेश’ हा शब्द घातला गेला आणि १९५१ चा नागरिकत्व कायदा तसाच पुढे आला, कलम १४ सकट.

त्याआधी, १५ डिसेंबर १९७२ रोजी, म्हणजे संविधान अमलात येण्याच्या आदल्या दिवशी, राष्ट्रपतींचा आदेश क्रमांक १४९ निघाला होता. नाव: बांगलादेश नागरिकत्व (तात्पुरत्या तरतुदी) आदेश. अंमल मात्र मागे नेऊन २६ मार्च १९७१ पासून, स्वातंत्र्याच्या घोषणेच्या दिवसापासून. स्वतः, वडील किंवा आजोबा या भूमीत जन्मलेले आणि २५ मार्च १९७१ ला जो इथला कायमचा रहिवासी होता आणि पुढेही राहिला, तो नागरिक. नव्या राष्ट्राला ही व्याख्या साजेशी होती, पण तिच्यात एक भोक होतं: जे त्या तारखेला देशात नव्हतेच, त्यांचं काय? नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी पश्चिम पाकिस्तानात असलेले आणि युद्धामुळे परतू न शकलेले लोक आदेशातल्या एका खुलाशाने आत घेतले गेले.

दुसरा गट होता ब्रिटनमधल्या सिल्हेटींचा, गावाकडच्या भाषेत ‘लंडनी’ लोकांचा. ब्रिटिश जहाजांवर काम करणाऱ्या, ‘लश्कर’ म्हटल्या जाणाऱ्या खलाशांपासून ही स्थलांतराची साखळी सुरू झाली होती. १९७१ मध्ये त्यांच्याकडे एक तर पाकिस्तानी पासपोर्ट होते किंवा ब्रिटनमध्ये नोंदणी करून घेतलेलं ब्रिटिश नागरिकत्व. मुक्तियुद्धासाठी याच लोकांनी लंडन, बर्मिंगहॅममधून पैसा उभा केला, मोर्चे काढले. आणि लंडनमधून त्या चळवळीचं नेतृत्व करणारे न्यायमूर्ती अबू सईद चौधुरी हेच १९७२ च्या जानेवारीपासून देशाचे राष्ट्रपती होते. आदेश क्रमांक १४९ निघाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. त्या आदेशाच्या कलम २अ मध्ये नावानिशी एकच देश आहे: युनायटेड किंग्डम. ज्याला केवळ ब्रिटनमध्ये राहत असल्यामुळे कायमचा रहिवासी म्हणता येत नाही, तो रहिवासीच आहे असं मानावं. दुहेरी नागरिकत्वाची सवलत बांगलादेशात आली ती अशी, एका विशिष्ट समाजापुरती.

पुढचं कलम २ब दोन तोंडांचं आहे. एकीकडे ते म्हणतं, परक्या देशाशी उघडपणे किंवा वागणुकीतून निष्ठा ठेवणारा बांगलादेशचा नागरिक ठरणार नाही. दुसरीकडे सूट देतं: २अ मध्ये आलेल्या देशाचं नागरिकत्व घेतलं, एवढ्याच कारणाने बांगलादेशचं नागरिकत्व जात नाही. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी त्यात भर पडली. युरोप किंवा उत्तर अमेरिकेतल्या कोणत्याही देशाच्या, आणि राजपत्रात नाव जाहीर केलेल्या इतर देशांच्या नागरिकाला सरकार बांगलादेशचं नागरिकत्व देऊ शकतं. इथला क्रियापदाचा फरक महत्त्वाचा. ब्रिटनच्या बाबतीत नागरिकत्व ‘जात नाही’. बाकीच्या ठिकाणी सरकार ते ‘देऊ शकतं’, म्हणजे अर्ज करायचा, चौकशी व्हायची आणि मग सनद मिळायची. लोक ज्याला दुहेरी नागरिकत्वाची सनद म्हणतात ती या ‘देऊ शकतं’मधून आलीय.

सनद कुणाला लागते हे व्यवहारात बरंचसं शपथेवर येऊन ठरतं. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात नागरिक होताना नव्या देशाशी निष्ठेची शपथ घ्यायची असते, जुना देश सोडल्याचं वाक्य त्यात नाही. अमेरिकेच्या शपथेत ते आहे: इतर सर्व राज्यांवरची निष्ठा मी सोडतो, असं उभं राहून म्हणावं लागतं. ढाक्याच्या दृष्टीने ते वाक्य उच्चारलेला माणूस आणि न उच्चारलेला माणूस सारखे नाहीत. म्हणून न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणाऱ्या बांगलादेशी अमेरिकनांना सनदीचा विचार आधी करावा लागतो, पूर्व लंडनमधल्यांना सहसा नाही.

अर्ज वकिलातीमार्फत किंवा थेट ढाक्यात गृह मंत्रालयाकडे जातो. सोबत परदेशी पासपोर्टची आणि तिथल्या नागरिकत्व प्रमाणपत्राची प्रत, जुना बांगलादेशी पासपोर्ट किंवा १७ अंकी जन्मनोंदणी किंवा राष्ट्रीय ओळखपत्र, आणि फोटो. घरातल्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा. मग मूळ गावच्या पत्त्यावर पोलिसांची चौकशी होते आणि वेळ सगळ्यात जास्त तिथेच जातो. घर विकलेलं असतं, चुलते दुसरीकडे राहायला गेलेले असतात, चौकशीला आलेल्या माणसाला ओळख पटवणारं कुणी भेटत नाही. अर्जात जो पत्ता द्याल तिथे तुम्हाला ओळखणारा माणूस आजही राहतो का, हे आधी पाहावं.

दुसरी अडचण नावाची. जुन्या हस्तलिखित पासपोर्टात ‘मो.’ असं लिहून पुढे एकच नाव असायचं. परदेशात गेल्यावर त्याचं पहिलं नाव आणि आडनाव असे दोन तुकडे झाले, ‘मो.’चं कुठे ‘मोहम्मद’ झालं तर कुठे ते गळूनच गेलं. जन्मतारीखही अंदाजाने टाकलेली. आता जन्मनोंदणी, ओळखपत्र आणि २०२० पासून आलेला ई-पासपोर्ट हे सगळे संगणकात एकमेकांशी ताडून पाहिले जातात. एका अक्षराच्या फरकानेही काम अडतं. दुरुस्ती जन्मनोंदणीपासून सुरू करावी, कारण बाकीचे कागद तिच्यावर उभे आहेत. आणि एनव्हीआर नवा पासपोर्ट काढला की पुन्हा घ्यावा लागतो, हे तिकीट काढायच्या आधी लक्षात असू द्यावं.

आता त्या २१ वर्षांच्या ओळीकडे. परदेशात जन्मलेलं मूल १९५१ च्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे वंशाने नागरिक होतं. बरीच वर्षं हे फक्त वडिलांकडून मिळायचं, २००९ च्या दुरुस्तीने त्यात आई आली. ही दुरुस्ती फार उशिरा झाली. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या बांगलादेशी बायकांच्या मुलांनी तोवर कित्येक वर्षं आपल्या आजोळी परके म्हणून काढली होती. तिसऱ्या पिढीला आणखी एक अट आहे: ज्याच्याकडून नागरिकत्व यायचं तो पालकच केवळ वंशाने नागरिक असेल, तर मुलाच्या जन्माची नोंद वकिलातीत व्हावी लागते.

ज्या मुलीचं भवितव्य या ओळीवर अडलं ती शमीमा बेगम, शाळकरी वयात सीरियात जाऊन आयसिसमध्ये सामील झालेली. ती ब्रिटनमध्ये जन्मली, आईवडील मूळचे बांगलादेशी. फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनने तिचं नागरिकत्व काढलं तेव्हा ती १९ वर्षांची होती. ब्रिटिश कायद्यानुसार तिच्यासारख्या जन्माने ब्रिटिश असलेल्या माणसाला देशहीन करता येत नाही, म्हणून सरकारने सांगितलं की ती वंशाने बांगलादेशी आहे आणि २१ वर्षांची होईपर्यंत कलम १४ तिला लागत नाही. तिथल्या विशेष इमिग्रेशन अपील आयोगाने २०२० मध्ये हे मान्य केलं. बांगलादेश सरकारने मात्र स्पष्ट सांगितलं की ती आमची नागरिक नाही आणि तिला इथे येऊ देण्याचा प्रश्नच नाही. याच आयोगाने २०१८ मध्ये दुसऱ्या दोघांच्या प्रकरणात उलट निकाल दिला होता. ते दोघे २१ च्या पुढे होते, त्यांचं बांगलादेशी नागरिकत्व आपोआप संपलं होतं, त्यामुळे ब्रिटिश नागरिकत्व काढल्याने ते देशहीन होत होते. २०१८ आणि २०२० मध्ये आलेले हे निकाल एकमेकांविरुद्ध नाहीत. कायदा एकच आहे, वयं वेगळी होती.

माझ्या मते परदेशात वाढलेल्या पिढीने सगळ्यात नीट समजून घ्यायची गोष्ट हीच. स्वतः बांगलादेशात जन्मून नंतर ब्रिटिश झालेला बाप आणि लंडनमध्ये जन्मलेला त्याचा मुलगा, दोघांच्या पासपोर्टात तोच एनव्हीआर असतो, पण त्यांच्या नागरिकत्वाचा आधार वेगळा असू शकतो. जमिनीचे व्यवहार, वारसा, ओळखपत्र यांसाठी नागरिकत्व सिद्ध करायची वेळ येईल तेव्हा शिक्का दाखवून भागेलच असं नाही.

पदांच्या बाबतीत नियम कडक आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ६६ प्रमाणे परदेशी नागरिकत्व घेतलेला माणूस संसदेचा सदस्य होऊ शकत नाही, आणि राष्ट्रपतिपदासाठीही तीच पात्रता लागते. २०११ च्या पंधराव्या दुरुस्तीने एक दार उघडलं: जन्माने बांगलादेशी असलेल्याने परदेशी नागरिकत्व सोडलं तर ही अपात्रता राहत नाही. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत वाद होतो तो ‘सोडलं’ या शब्दावर. ब्रिटनमध्ये आरएन नावाचा फॉर्म भरला म्हणजे नागरिकत्व सुटत नाही. तिथल्या गृह खात्याने नोंद केली की मगच सुटतं. उमेदवारी अर्जाच्या तारखेला हातात फक्त अर्जाची पोच असेल तर धोका आहे. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत परदेशी नागरिकत्वावरून उमेदवाऱ्या बाद झाल्या.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मंत्रिमंडळाने नव्या नागरिकत्व कायद्याच्या मसुद्याला तत्त्वतः मंजुरी दिली. १९५१ आणि १९७२ या दोन्हींची जागा तो घेणार होता. दुहेरी नागरिकांवर त्यात न्यायाधीशपदापासून राजकारणापर्यंत बंधनं होती, आणि सार्क देश व म्यानमार यांच्यासाठी दुहेरी नागरिकत्वाची सोयच नव्हती. परदेशातल्या बांगलादेशींनी जोरदार विरोध केला. मसुद्याचा कायदा झाला नाही आणि ‘तात्पुरता’ आदेशच चालू राहिला.

पुढचा बदल यादीत झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने आधीच्या ५७ देशांत ४४ देशांची भर घालून यादी १०१ वर नेली. त्यात आफ्रिकेतले १९, दक्षिण अमेरिकेतले १२, कॅरिबियनमधले १२ आणि फिजी. दक्षिण आफ्रिकेत दुकानं चालवणाऱ्या बांगलादेशींना याचा खरा उपयोग. पण यादी ही फक्त ढाक्याची बाजू. समोरचा देशही राजी असावा लागतो. जपान किंवा सिंगापूरचं नागरिकत्व घेणाऱ्याला जुनं सोडावंच लागतं. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, त्याआधी बहुतेकांना एकच निवडावं लागे. आणि सौदी अरेबिया, अमिराती, कतारमधले लाखो कामगार या साऱ्या चर्चेच्या बाहेरच आहेत, कारण तिथे त्यांना नागरिकत्व मिळण्याची वाटच नाही.

या नियमांचा एक धागा मराठी घरांपर्यंतही येतो. भारताच्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ प्रमाणे, स्वतः, आईवडिलांपैकी कुणी, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा कधी पाकिस्तानचे किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड, मिळत नाही. समजा, सांगलीची मुलगी लंडनमध्ये ब्रिटिश झाली आणि तिचा नवरा सिल्हेटी वंशाचा ब्रिटिश आहे. तिला ओसीआय मिळतं. त्यांच्या मुलाला वडिलांमुळे बांगलादेशचा एनव्हीआर मिळतो आणि त्याच कारणाने ओसीआय नाकारलं जातं. सिल्हेटला आजोबांकडे ते मूल व्हिसाशिवाय जातं. सांगलीला आजीकडे यायचं तर दर वेळी व्हिसाचा फॉर्म.