शिंगलखालची तक्तपोशी : प्लायवुड की ओएसबी?

अमेरिकेतील बहुतेक स्वतंत्र घरांचे छप्पर बाहेरून ॲस्फाल्टच्या शिंगलचे, म्हणजे एकावर एक बसवलेल्या चपट्या डांबरी पट्ट्यांचे, दिसते. पण हे शिंगल ज्यावर ठोकलेले असतात, ती लाकडी तक्तपोशी, म्हणजे तक्त्यांचा सलग थर, हीच वाऱ्याचा आणि बर्फाचा भार कैच्यांपर्यंत (छपर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांपर्यंत) पोचवते आणि सगळ्या कैच्यांना एकमेकींशी जखडून ठेवते. पूर्वी हे काम साध्या फळ्या करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची जागा प्लायवुडने घेतली आणि १९८०च्या दशकापासून ओएसबी, म्हणजे लाकडाच्या चपट्या ढलप्या राळ व मेण घालून उष्णतेखाली दाबून केलेले तक्ते, वापरात वाढत गेले. त्याचे मुख्य कारण किंमत हेच आहे.

ताकदीवरून या दोहोंत निवड करण्यात फारसा अर्थ नाही, कारण दोन्ही एकाच मानकानुसार तपासले जातात. तक्त्यावर ‘२४/१६’ असा शिक्का असेल, तर तो छपरासाठी २४ इंच आणि जमिनीसाठी १६ इंच अंतरावरच्या आधारांवर चालतो, मग तो कशाचाही बनलेला असो.

खरा फरक पाण्याशी गाठ पडल्यावर कळतो. ओले लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. प्लायवुडचे थर एकाआड एक आडवेउभे चिकटवलेले असल्याने प्रत्येक थर शेजारच्याला आवरून धरतो. ओएसबीतही ढलप्यांचे थर आलटूनपालटून दिशा बदलतात. मात्र तयार होताना त्या जबरदस्त दाबाखाली चेपलेल्या असतात. पाणी शिरले की तो कोंडलेला ताण सुटतो, तक्ता जाडीत फुगतो आणि वाळल्यानंतरही पूर्ववत होत नाही. कापलेल्या कडा सर्वांत आधी फुगतात आणि त्यांचे वळ शिंगलवर उमटतात. दोन तक्त्यांमध्ये एक अष्टमांश इंच फट ठेवण्याची शिफारस असते ती तक्त्यांना फुगायला जागा मिळावी म्हणून, पण घाईत तीच विसरली जाते.

थंड प्रदेशात पाणी वरूनच येते असे नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातील दमट हवा छताच्या फटींतून वर, छपराखालच्या माळ्यावर जाते आणि गारठलेल्या तक्तपोशीच्या खालच्या बाजूला तिचे दव होते. आर्द्रता वाढते तशी प्लायवुडमधून बाष्प जाण्याची क्षमता बरीच वाढते, ओएसबीत ती तितकी वाढत नाही. त्यामुळे भिजलेले प्लायवुड लवकर वाळते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांखाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणून माळा हवेशीर असलेल्या, साध्या उताराच्या छपराला ओएसबी पुरेसे आहे असे मला वाटते. पन्हाळी (दोन उतार मिळतात तेथील खाचा) आणि कोपरे फार असतील, बर्फ साचून राहत असेल, तर निदान वळचणीच्या पट्ट्यात प्लायवुडचा जादा खर्च करावा.

लाकडावर प्रक्रिया करतानाही जपावे लागते. एकमेकांना लागून असलेल्या घरांमध्ये आग पसरू नये म्हणून १९८०च्या दशकात सामाईक भिंतीजवळच्या छपरावर अग्निरोधक क्षारांनी मुरवलेले प्लायवुड वापरले गेले. उन्हाने तापलेल्या छपरात त्या क्षारांतून आम्ल तयार झाले, आम्लाने लाकडातील सेल्युलोजसारख्या पदार्थांच्या साखळ्या तोडल्या आणि काही वर्षांतच तक्ते काळपट, ठिसूळ झाले. आग लागली तर उपयोगी पडावी म्हणून केलेली रासायनिक क्रिया नुसत्या उन्हानेच हळूहळू सुरू झाली होती! पुढे सूत्रे आणि चाचण्या बदलल्या.

तक्ता कोणताही घेतला, तरी तो खिळ्यांवरच टिकतो. ऑगस्ट १९९२मध्ये फ्लोरिडात ‘अँड्रयू’ चक्रीवादळाने अनेक घरांची तक्तपोशी उडवून नेली. पाहणीत खिळे किंवा स्टेपल कैचीला न लागता बाजूने गेलेले आढळले. वाऱ्याचे उचलणे कडांवर आणि कोपऱ्यांवर सर्वाधिक असते, त्यामुळे वादळी पट्ट्यात तेथे कडीदार खिळे, म्हणजे दांड्यावर वळी असलेले खिळे, दाट मारतात. हुकलेल्या खिळ्यांची टोके माळ्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शिंगल चढण्यापूर्वीच कंत्राटदाराला ती दाखवावीत.