आखडलेल्या बोटांना जमेल असं इंजेक्शन

निपाणी परिसरात विड्या वळणाऱ्या बाईच्या हातांकडे एकदा नीट बघावं. पान कात्रीनं कापायचं, तंबाखू पसरायची, सुरळी वळायची, दोरा गुंडाळायचा, टोक दुमडून बंद करायचं. सगळा कारभार अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांच्या चिमटीत चालतो. अशा हाताला सांधे सुजवणाऱ्या (रुमेटॉइड) संधिवातानं गाठलं की बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे सुजतात, आणि नेमकी ही चिमूटच दुबळी होते. तळहातानं दाबायला, हाताचा भार टाकायला मात्र पुष्कळदा जमतं. घरच्या घरी घ्यायच्या इंजेक्शनचं साधन घडवणाऱ्यानं इथूनच सुरुवात करायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

आमच्या ओळखीतल्या अशाच एका मावशींना शुगरही आहे. त्यांचं इन्सुलिनचं पेन मी जवळून पाहिलं. पेनवर बसवायची सुई जेमतेम ४ मिलिमीटरची. तिच्यावर एक टोपण, त्याच्या आत आणखी एक टोपी, शेंगदाण्याएवढी. ती काढायला मावशी दात लावतात. मग डोसचं बटण फिरवायचं. साध्या पेनमध्ये युनिट, म्हणजे इन्सुलिनचं माप, वाढवत गेलं की बटण बाहेर येत जातं, आणि अंगठा लांबवून ते परत आत दाबावं लागतं. डोस मोठा असेल तर अंगठ्याला ताणही मोठा. "औषधाचं काय न्हाई रे बाळा, ह्यो अंगठाच पोचंना बघ," मावशी म्हणाल्या.

यावर तोड निघालेली आहे. पहिलं इन्सुलिन पेन १९८५ साली आलं. नंतरच्या काही पेनमध्ये डोस फिरवतानाच आतली स्प्रिंग ताणली जाते. बटण बाहेर येत नाही, हलकं दाबलं की पुरतं, औषध स्प्रिंगच ढकलते. असं पेन हाताशी नसलं, की घरातलं कुणीतरी पेनमधलं औषध सिरिंजनं ओढून देतं. हे जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच हिशेबानं आखलेली असते. पेनमधलं इन्सुलिन सहसा १०० युनिटचं. लाल सिरिंजच्या २० च्या खुणेपर्यंत ते ओढलं, तर अंगात २० ऐवजी ५० युनिट जातात.

ऑटोइंजेक्टर म्हणजे याच्या पुढची पायरी. औषध भरलेली काचेची सिरिंज, मागे दाबून ठेवलेली स्प्रिंग, पुढे सुई झाकणारी नळी. मांडीवर टेकवून दाबलं की सुई आत जाते, औषध जातं आणि नंतर सुई पुन्हा झाकली जाते. विषारी वायूवरचा उतारा सैनिकाला स्वतःच टोचून घेता यावा म्हणून असली साधनं तयार झाली. त्यातूनच पुढे तीव्र ॲलर्जीवरचं एपिपेन आलं. अमेरिकेत त्याला १९८७ मध्ये मंजुरी मिळाली. पण सैनिकाचा हात दणकट. संधिवातावरचीही काही औषधं अशीच टोचून घ्यायची असतात, आणि त्या रुग्णासाठी हेच साधन नव्यानं विचार करून घडवावं लागतं.

पहिली अडचण टोपणाची. ते मुद्दाम घट्ट केलेलं नसतं. सुई निर्जंतुक राहावी म्हणून तिच्यावर रबराचं आवरण बसवलेलं असतं, आणि बाहेरचं टोपण ओढताना ते आवरणही सोबत ओढून काढावं लागतं. म्हणून ओढायची जागा मोठी हवी. सिम्झिया या औषधाची संधिवातासाठीची सिरिंज घडवताना ऑक्सो या स्वयंपाकाची अवजारं करणाऱ्या कंपनीची मदत घेतली गेली. या कंपनीची सुरुवातच संधिवात असलेल्या बाईला सोलाणं नीट धरता यावं या खटपटीतून झाली होती. त्या सिरिंजच्या टोपणाला कडी आहे. कडीत बोट अडकवून ओढायचं, चिमटीची गरजच नाही.

दुसरी अडचण स्प्रिंगची, आणि मला हीच सगळ्यात रंजक वाटते. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या कुठल्याही कारागिराला हे ठाऊक असतं, की दाबलेल्या स्प्रिंगचा जोर सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि ती मोकळी होत जाईल तसा कमी होतो. इथे तर शेवटच्या थेंबापर्यंत जोर पुरला पाहिजे. संधिवातावरची काही औषधं दाट असतात, फ्रीजमधून काढल्याबरोबर आणखी दाट. शिवाय सुईच्या आतल्या छिद्राची त्रिज्या निम्मी केली, तर त्याच वेगानं औषध जायला १६ पट दाब लागतो. दुखू नये म्हणून सुई बारीक हवी, म्हणून स्प्रिंग जबर हवी. पण स्प्रिंग फार जबर झाली तर पहिल्याच दणक्याला काच तडकू शकते. यातून मार्ग म्हणून बाहेरून तेवढीच जाड, पण पातळ भिंतीची सुई वापरतात, म्हणजे आतलं छिद्र मोठं मिळतं.

सुरुवात कशी करायची, यातही दोन पंथ. काहींना वर बटण असतं, काही नुसतं त्वचेवर दाबलं की चालू होतात. दुसरा प्रकार मला उजवा वाटतो, कारण तळहातानं धरून हाताच्या भारानं दाबता येतं. मात्र अर्ध्यात उचललं, तर बऱ्याच साधनांत उरलेला डोस वाया जातो. म्हणून 'झालं' हे साधनानंच सांगायला हवं. 'टक्' आवाज आला की सुरू, दुसरा 'टक्' आला की संपत आलं, तरी थोडे सेकंद धरून ठेवायचं. वयानुसार बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, तेव्हा साधनावरच्या छोट्या खिडकीत रंगीत दांडाही दिसायला हवा. बेळगाव भागात तर याची गरज दुप्पट आहे. रुग्ण मराठी वाचतो, मेडिकलवाला कानडी बोलतो आणि खोक्यातला कागद बहुतेक वेळा इंग्रजी.

केंब्रिज विद्यापीठात बोटांची हालचाल अडवणारे हातमोजे तयार केलेत. ते घालून धडधाकट अभियंता आपलंच साधन तपासू शकतो. उपयोगी आहे, पण मोज्यात ठणका नसतो. खरी चाचणी रुग्णाच्याच हाती व्हायला हवी आणि तीही सकाळी, कारण या संधिवातात उठल्यावर तासभर किंवा जास्त वेळ बोटं आखडलेली असतात. विकत घेणाऱ्यानंही हेच करावं. डॉक्टरांकडे सुई आणि औषध नसलेलं सरावाचं पेन मिळतं का विचारावं, मिळालं तर घरी आणून सकाळी उठल्या उठल्या हाताळून बघावं. औषध आठवड्याला एकदाच घ्यायचं असेल, तर हात मोकळे झाल्यावर संध्याकाळी घेतलं तर चालेल का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावं.