पासवर्ड मॅनेजर : सुरक्षा व त्रुटी-प्रकटीकरण

अनेक पासवर्ड कूटबद्ध तिजोरीत ठेवून ती एका मुख्य पासवर्डने उघडणारी प्रणाली. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांची ‘पासवर्ड सेफ’ (सु. १९९७) ही आरंभीच्या प्रणालींपैकी एक.

मुख्य पासवर्डात यादृच्छिक ‘सॉल्ट’ (जादा अंश) मिसळून पीबीकेडीएफ२ किंवा आर्गॉन२ या मुद्दाम संथ ठेवलेल्या गणिती पद्धतींनी तिजोरीची किल्ली काढतात. पीबीकेडीएफ२-एसएचए२५६साठी ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षा संस्थेने २०२३मध्ये ६,००,००० आवर्तने (तीच क्रिया पुनःपुन्हा करणे) सुचवली. जुन्या खात्यांत आकडा कमीच राहिलेला असू शकतो. तो सेटिंगमध्ये जाऊन पाहावाच.

मराठी मुख्य पासवर्डात ‘ऱ’ घातक ठरू शकतो. ‘दऱ्या’तील हे अक्षर एकसंध ऱ, र आणि नुक्ता (खालचा बिंदू), किंवा र, हलन्त आणि शून्यरुंदीचा जोडक (न दिसणारे चिन्ह) अशा तीन प्रकारे साठते. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. बाइट निराळे असल्याने फोनवर ठेवलेला पासवर्ड संगणकावर चालेलच असे नाही. युनिकोड या अक्षर-संकेतांच्या प्रमाणातील एनएफसी सामान्यीकरण (समतुल्य रूपांना एकच रूप देणे) पहिल्या दोन रूपांना एक करते, तिसऱ्याला नाही. भारतीय लिप्यांवर पुण्यातच सी-डॅकच्या जिस्ट गटाने दीर्घकाळ काम केले असल्याने येथील चाचणीकारांनी ही तपासणी वगळू नये.

कीपास या पासवर्ड मॅनेजरची २०२३मधील त्रुटी बोधक आहे. २.५४पूर्वीच्या २.क्ष आवृत्त्यांत ‘कसबा’ हा मुख्य पासवर्ड टाइप केल्यावर संगणकाच्या स्मृतीत ‘•स’, ‘••ब’ असे अवशेष राहत. स्मृतीची प्रत मिळाल्यास पहिले अक्षर सोडून बाकी पासवर्ड जुळवता येई; तिजोरी कुलूपबंद असूनही.

‘जबाबदार प्रकटीकरण’ (त्रुटी जाहीर करण्याआधी विक्रेत्यास दुरुस्तीला वेळ देणे) ही संज्ञा सुरक्षा-संशोधक क्रिस्टी व वायसोपल यांच्या २००२च्या मसुद्याने रूढ झाली असे सामान्यतः मानतात. मात्र विक्रेत्यास आधी कळवून मुदत देण्याची लेखी रीत ‘आरएफपॉलिसी’ या प्रकटीकरण-धोरणात (२०००) आढळते; प्रथेचा आरंभ तेथवर नेणे अधिक सयुक्तिक वाटते. मायक्रोसॉफ्टने २०१०मध्ये ‘जबाबदार’ऐवजी ‘समन्वित’ हा शब्द स्वीकारला. त्रुटी जाहीर करण्यापूर्वी सर्ट/सीसी या अमेरिकी समन्वय-केंद्राची मुदत ४५ दिवस, गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटीशोधक गटाची ९०.

पुण्यातील शोधकाने प्रथम विक्रेत्यास, उत्तर न आल्यास सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेला कळवावे. अहवालात आवृत्ती, कार्यप्रणाली, क्रमवार कृती व परिणाम द्यावा. प्रयोग स्वतःच्या, खोट्या नोंदींच्या तिजोरीवरच करावा : माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३मध्ये परवानगीविना प्रवेशास सद्हेतूचा स्वतंत्र अपवाद नाही.