हमीपत्र गावात, माणूस फडावर

बायकोचा छळ केल्याचा गुन्हा शाबीत झाला म्हणजे नवरा तुरुंगात गेलाच, असं नाही. १९५८च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली न्यायालय त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. सोबत देखरेखीचा हुकूम असेल तर प्रोबेशन ऑफिसर किमान वर्षभर त्याच्यावर लक्ष ठेवतो. नशा करायची नाही, अमुक ठिकाणीच राहायचं, अशा अटी घालता येतात.

यानं मारहाण थांबते का? फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत दोषी ठरलेल्या ४०४ पुरुषांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. देखरेख दोघांवरही होती. एका गटाला शिवाय २६ आठवड्यांचे समुपदेशनाचे वर्ग. वर्गांमुळे फारसा फरक पडला नाही. फरक दिसला तो भलतीकडेच. वयानं मोठे आणि कामाला टिकून असलेले पुरुष पुन्हा कमी वेळा पकडले गेले. अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरात, बायकोला मारणाऱ्यांना अटक करून काय होतं ते बघणाऱ्या प्रयोगातही तेच: नोकरीवाले वचकले, बेकार उलट बिथरले. ज्याला गमवायला काही आहे, त्यालाच धाक बसतो.

आता हे बीडमध्ये लावून बघा. आपल्या कायद्यालाही आरोपीचा किंवा त्याच्या जामीनदाराचा कायमचा पत्ता नाहीतर नियमित धंदा लागतो. पण दसरा-दिवाळी झाली की तालुकेच्या तालुके ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमानं आगाऊ दिलेली उचल त्या कोयत्यावर. मारणारा आणि मार खाणारी, दोघं फडाजवळच्या एकाच कोपीत, म्हणजे झोपडीत. ती माहेरी राहीन म्हणाली तर कोयता मोडतो, उचल अंगावर येते. ऑफिसर मात्र जिल्ह्याच्या गावी.

माझ्या मते इथं देखरेखीचं कॅलेंडर हंगामावर बांधायला हवं. टोळी निघण्याआधी बाईशी एकटीला गाठून बोलायचं. नवऱ्यानं कधी गळा आवळला होता का, हे विचारायचंच, कारण जिवाला असलेल्या धोक्याची ती मोठी खूण मानली जाते. ऑफिसरच्या अर्जावर मुदतीच्या मधेच अटी बदलण्याची सोय कलम ८मध्ये आहेच.

अट मोडली तर? मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते. पण पहिलीच वेळ असेल तर नुसत्या दंडावरही भागवता येतं, आणि तो दंड कायद्यात आजही कमाल ५० रुपये आहे.