रंग रसात नसतो, सालीत असतो

लाल वाइनमध्ये वरून रंग घालतात, अशी समजूत अजून सर्रास ऐकू येते. काळ्या द्राक्षाचा एक मणी सोलून पांढऱ्या बशीत पिळून बघा. रस फिकट हिरवट निघेल. रंग राहतो तो सालीत. (गराचाच रंग लाल असलेल्या अलिकांते बुशेसारख्या जाती थोड्या.) फ्रान्समध्ये पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची पांढरी शँपेन होते ती यामुळेच. घड हलके दाबून रस तडक सालीपासून वेगळा काढतात.

नाशिककडे एप्रिलात खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), पाऊस सरता गोडी छाटणी (फळासाठी) आणि साधारण जानेवारी ते मार्च तोडणी. शिराझ ही काळी जात 24 ब्रिक्सच्या (म्हणजे 100 ग्रॅम रसात साधारण 24 ग्रॅम साखर) आसपास आली की घड उतरवतात. लिटरमागे 17 ग्रॅम साखरेतून यीस्ट साधारण 1 टक्का अल्कोहोल करते, म्हणजे वाइन 13 टक्क्यांच्या पुढे जाते.

देठ काढून मणी फोडले की सालीसकट सगळे टाकीत. नको ते जंतू रोखायला 100 लिटरला 9 ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. टाकी पाऊण भागच भरायची, कारण यीस्ट जोरात आले की कार्बन डायऑक्साइड साली वर ढकलतो आणि त्यांचा जाड थर तरंगू लागतो. खालच्या रसापेक्षा हा थर कित्येक अंशांनी गरम असतो. तो दिवसातून दोन-तीनदा रसात बुडवला नाही, तर सुकतो, त्यावर ॲसिटिक जिवाणू वाढतात आणि टाकीला व्हिनेगरचा वास येतो. रस 25 ते 30 अंशांवर ठेवायचा. 35 च्या वर यीस्ट दमते आणि साखर तशीच उरते.

सालीतली अँथोसायनिन, म्हणजे रंगद्रव्ये, पहिल्या चार-सहा दिवसांतच बहुतेक उतरतात. बियांतले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, उशिरा, अल्कोहोल वाढल्यावर. अँथोसायनिन लाल दिसतात ती आम्लामुळे. कोकम सरबतात खायचा सोडा टाकला की लाली जाते ना, तेच. उन्हाच्या प्रदेशात द्राक्षातले आम्ल लवकर घटते, पीएच चढतो, रंग मंदावतो. म्हणून टार्टारिक आम्ल घालावे लागते. सुरुवातीला घातलेले सल्फाइट जास्त पडले तरी रंग फिका होतो.

‘लाल वाइन हृदयाला चांगली’ हा प्रचारही सालीवरच उभा आहे. सालीतून उतरणारे रेस्व्हेराट्रॉल हे द्रव्य वाइनमध्ये लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम, अल्कोहोल मात्र शंभरेक ग्रॅम!

पुढे टॅनिन अँथोसायनिनला जोडले जाते आणि रंग टिकतो. जुनी वाइन पेल्यात तिरकी धरली की कडेला दिसणारी विटकरी छटा या जोडणीतून येते.