कच्च्या मटणानं कुत्रा चावरा होतो?
सोलापुरात कुत्रं पाळलं की शेजारचे आजोबा बजावतातच, "कच्चं मटण घालू नका, रक्ताची चटक लागून चावायला लागेल." चटकेचं काही खरं नाही, चावरेपणा भीतीतून, दुखण्यातून, सतत साखळीला बांधल्यानं येतो.

पण शिजवूनच घाला. खाटकाकडच्या शेळी-मेंढीच्या कलेजीत, फुप्फुसात कधी पाण्याच्या पिशवीसारखे फोड दिसतात. त्यात फीतकृमीची पिल्लावळ असते. ती कुत्र्याच्या आतड्यात वाढते, कुत्रं मात्र धडधाकट दिसतं; अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, हाताला लागून तोंडात जातात आणि गाठ होते आपल्या पोराच्या यकृतात. साल्मोनेला हा जुलाब लावणारा जंतू तर फ्रीजरमध्येही मरत नाही.

कच्च्यानं शी कमी होते, एवढा फायदा खरा. मटण उकडा, हाडं काढा. शिजल्या हाडाच्या कपच्या आतड्यात घुसतात. सोबत भाकरी चालते, कडकसुद्धा, भिजवून.